शिबिराची सॅक कोण भरतंय?

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. ही मुलं आजारी नसतात. परीक्षा संपलेली असते, चेहरे खुललेले असतात आणि आईच्या किंवा बाबांच्या हातात चार घड्या घातलेला एक फॉर्म असतो. ‘डॉक्टर, शिबिराला चाललाय. फिटनेसवर तेवढी सही हवी होती.’ मी छाती तपासतो, वजन करतो, सही करतो, शिक्का मारतो. पाच मिनिटांचं काम. मग उठता उठता ठरलेला प्रश्न येतो, ‘बरोबर काय काय औषधं देऊ?’

पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर लगेच कागदावर खरडून देत असे. तापाचं, उलटीचं, जुलाबाचं, खाजेचं. आता आधी दोन-चार प्रश्न विचारतो आणि मगच पेन उचलतो. याला कारण झाला मे महिन्यातल्या एका रात्री पावणेदहाला आलेला फोन.

फोन एका आईचा होता. तिचा दहा वर्षांचा मुलगा भंडारदऱ्याच्या बाजूला आठ दिवसांच्या शिबिराला गेला होता. मुलगा चार वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे येतोय. हवा बदलली की त्याला खोकला सुरू होतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. घरी पंप आहे, म्हणजे इनहेलर. त्या रात्री शिबिरात शेकोटी होती. वळवाचा एक शिंतोडा पडून गेल्यामुळे लाकडं ओलसर होती आणि जाळापेक्षा धूरच जास्त होता. मुलगा खोकायला लागला. शिबिरातल्या ताईला वाटलं, घरची आठवण येऊन रडतोय, कारण दुपारी तो थोडा रडला होता. तिने त्याला बाजूला घेतलं, पाठीवरून हात फिरवला, गरम पाणी दिलं. तिच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. वीस-पंचवीस मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, की याला बोलताना वाक्य पुरं करता येत नाहीये.

तिच्याकडच्या फॉर्मवर ‘काही आजार आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं. त्याच पानाच्या तळाशी माझी सही होती.

पंप सॅकमध्ये होता. अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळून, एका जुन्या कंपासपेटीत. आईने त्याला बजावून पाठवलं होतं, ‘लागलाच तर गुपचूप घे, कुणाला दाखवू नकोस.’ आजार लिहिला तर शिबिरवाले घेणार नाहीत ही एक भीती, आणि मुलं चिडवतील ही दुसरी. स्पेसर, म्हणजे पंपाला पुढे जोडायची ती प्लॅस्टिकची नळी, सॅकमध्ये मावत नव्हती म्हणून घरीच राहिली होती.

मी ताईंना फोनवर एक रिकामी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्यायला सांगितली. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं, पंप तिथे बसवायचा आणि बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. एक दाब, मग पाच-सहा सावकाश श्वास. पुन्हा हलवून एक दाब. असं सहा वेळा. पंधरा-वीस मिनिटांनी मुलगा दोन वाक्यं सलग बोलला. तेवढ्यात जीप तयार झाली होती. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात त्याला वाफेच्या यंत्रातून औषध आणि ऑक्सिजन मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा शिबिरात होता.

बाटलीची युक्ती माझी नाही. केप टाऊनच्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दमा उठलेल्या मुलांमध्ये अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीपासून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो, असं त्यांना दिसलं. पंपातून औषध इतक्या वेगाने बाहेर पडतं की थेट तोंडात मारलं तर त्यातलं बरंचसं घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच बसतं. मध्ये पोकळी असली की फवारा मंदावतो, थेंब बारीक होतात आणि श्वासाबरोबर खाली छातीत जातात. अर्थात हा अडचणीच्या वेळचा उपाय. पंप जिथे जाईल तिथे स्पेसर गेलाच पाहिजे. सॅकमध्ये जागा नसेल तर एक जीन्स कमी न्या.

त्या रात्री झोपताना मला आईचा राग आला नाही. तिला ‘दमा’ हा शब्द लिहायचा नव्हता, कारण सहा वर्षांत मीही तो तिच्यासमोर फारसा उच्चारला नव्हता. ‘ॲलर्जिक खोकला आहे, मोठा झाला की कमी होईल’, असं आम्ही डॉक्टर पालकांना बरं वाटावं म्हणून म्हणतो. मग तेही फॉर्मवर ‘नाही’ लिहितात आणि आम्ही न वाचता सही करतो.

म्हणून आता फॉर्म हातात आला की मी आधी तो रकाना वाचतो. दमा, फिट येणं, मधुमेह, हृदयाचा आजार, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी, पूर्वी झालेलं ऑपरेशन, सगळं लिहायचं. नुसतं नाव नाही, तर काय झालं की काय करायचं, हेही. ‘दमा आहे. धुराने, धुळीने वाढतो. निळा पंप स्पेसरने चार ते सहा दाब, वीस मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्यांदा देऊनही बरं वाटलं नाही किंवा बोलता येत नसेल, तर थांबू नका, दवाखान्यात न्या.’ एवढ्या चार ओळी ताईंकडे असत्या, तर शेकोटी सुरू होतानाच त्यांनी त्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवलं असतं. फिट येणाऱ्या मुलाबद्दल असंच लिहून दिलं, तर पोहताना आणि झाडावर चढताना एक दादा त्याच्याजवळ राहतो, आणि मूल शिबिराची मजा पुरती घेतं. हे वाचून एखाद्या शिबिराने मुलाला नकार दिलाच, तर तिथे त्याला सांभाळायची तयारी नव्हती, हे आधीच कळलेलं बरं.

आता औषधांचं पाऊच. हे पाऊच मुलाकडे नाही, ताई-दादांकडे द्यायचं. अपवाद एकच: दम्याचा पंप. तो मुलाच्या सॅकच्या वरच्या किंवा बाजूच्या कप्प्यात, आणि शक्यतो दुसरा एक ताईंकडे. रोजची औषधं सुरू असतील तर ती पूर्ण दिवसांची, आणि दोन दिवसांची जास्त. बाकी पॅरासिटामॉल, ओआरएस, खाजेचं एक औषध, बँडेज, गाडी लागत असेल तर त्याची गोळी. बास. अँटिबायोटिक नको. ‘मागच्या वेळचं उरलंय, असू दे’ असं म्हणून दिलेली अर्धी बाटली तर अजिबात नको. पातळ केलेली ही औषधं ठरावीक दिवसांतच वापरायची असतात आणि मे महिन्याच्या उन्हात सॅकमध्ये ती त्याहून आधीच बाद होतात.

पाऊचमध्ये एक कागद हवा. मुलाचं नाव, वजन आणि प्रत्येक औषध किती, कधी. ‘एक चमचा’ लिहू नका. पॅरासिटामॉलची सिरपं निरनिराळ्या ताकदीची मिळतात; पाच मिलीमध्ये कुणात १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, कुणात २५०. एकाच्या एका चमच्यात जितकं औषध, त्याच्या दुप्पट दुसऱ्याच्या चमच्यात. मुलाला वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे तीस किलोच्या मुलाला २५०च्या सिरपचे साडेसात मिली पुरतात, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. हे गणित शिबिरातल्या बावीस वर्षांच्या दादाने रात्री टॉर्चच्या उजेडात करावं, अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही घरी करून द्या. गोळ्यांची स्ट्रिप अख्खी द्या. कात्रीने कापून दिली की नेमकी तारीख नसलेली बाजू उरते.

उष्णतेने औषधं बिघडतात हे आपण विसरतो. पंपाच्या डबीत दाबाखाली वायू असतो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टपावरच्या सामानात ती ठेवायची नसते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या पालकांना फ्रिजची चिंता असते. शिबिरात फ्रिज नसेल, तर मातीचं मडकं असतंच. आत इन्सुलिनची कोरडी डबी, बाहेरून ओलं फडकं आणि सावली. पाणी मडक्यातून झिरपून हवेत उडतं तेव्हा आतली उष्णता घेऊन जातं. पिण्याचं पाणी गार करायची आपली जुनी सोय इन्सुलिनलाही चालते. बर्फाला मात्र इन्सुलिन चिकटू द्यायचं नाही. गोठलं की ते वाया गेलं.

फॉर्मवर न लिहिली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. ती लपवण्यात आईवडील आणि मूल तिघंही सामील असतात. रात्री अंथरूण ओलं होणं. सात वर्षांच्या मुलांत शंभरात पाच ते दहा जणांना हा त्रास असतो. दरवर्षी त्यांतली काही आपोआप बरी होत जातात. म्हणजे चाळीस मुलांच्या शिबिरात असं एक-दोन मुलं तरी असणार, आणि प्रत्येकाला वाटत असतं, की आपण एकटेच. एकदा शिबिराहून आलेली एक नऊ वर्षांची मुलगी पाहिली. डोकं दुखतंय, चक्कर येतेय, दोन दिवस लघवी गडद पिवळी. खोदून विचारल्यावर तिने सांगितलं, ‘मी दुपारनंतर पाणीच प्यायचे नाही. रात्री झालं असतं तर?’ मे महिना, दिवसभर खेळ, आणि चार वाजल्यानंतर पाणी नाही. असे तिने पाच दिवस काढले होते.

यावर उपाय आहेत, पण ते निघायच्या आदल्या दिवशी नाही करता येत. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध रात्रीची लघवी कमी करतं आणि शिबिरासारख्या थोड्या दिवसांसाठी ते देता येतं. मात्र ते घेतल्यावर रात्री पाणी प्यायचं नसतं, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन घरी काही रात्री वापरून पाहायचं, आणि ताईंना नियम सांगून ठेवायचा. औषध नको असेल, तर गडद रंगाची चादर, दोन जास्तीच्या चड्ड्या आणि रात्रीचे कपडे, घट्ट बंद होणारी एक पिशवी द्या. ताईंशी वेगळं बोलून घ्या, म्हणजे त्या झोपायला जाताना त्याला एकदा हलकेच उठवतील. माझ्या अनुभवात ताई-दादा हे गुपित फार छान सांभाळतात. दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलीच्या सॅकमध्ये सॅनिटरी पॅड ठेवा, पाळी सुरू झालेली नसली तरी. ते कसं वापरायचं हे आधी दाखवा. पहिली पाळी शिबिरातच आली, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं.

पाण्यावरून ओआरएसकडे येऊ. पालक ओआरएसची पाच पाकिटं देतात आणि पाणी प्यायला पाऊण लिटरची बाटली देतात. पाकीट असतं एक लिटरचं. मूल काय करणार? अख्खं पाकीट पाऊण लिटरमध्ये ओतणार, किंवा चव बरी लागते म्हणून पेल्यात चिमूट-चिमूट टाकून पिणार. दोन्ही चूक. ओआरएसमध्ये साखर आणि मीठ यांचं प्रमाण मोजून ठरवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दरवाजाने, जोडीने शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. पाणी कमी पडून मिश्रण दाट झालं, तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. तेव्हा बाटली एक लिटरची घ्या, किंवा २०० मिलीची छोटी पाकिटं आणा आणि तेवढ्या मापाचा पेला द्या.

ओआरएसचा सगळ्यात मोठा पुरावा मिळाला तोही एका छावणीतच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या नावाचा फायदा घेऊन दुकानात बरीच वर्षं गोड पेयांचे टेट्रापॅकही ‘ओआरएस’ म्हणून विकले जात होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना हे नाव वापरायला मनाई केली. त्यामुळे मुलाच्या सॅकमध्ये पाकीट टाकताना मागची बाजू वाचा. डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख तिथे असतो.

बाकी रोजच्या तहानेला साधं पाणीच. मुलाला एवढंच शिकवा: लघवी फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद म्हणजे आत्ता दोन पेले. मुलं हे अगदी खुशीने पाळतात. एकमेकांच्या रंगांची चर्चाही करतात, त्याला इलाज नाही.

कपड्यांवर मी फार बोलणार नाही, त्यातलं तुम्हाला जास्त कळतं. फक्त तीन गोष्टी. शेकोटीजवळ सुती कपडे हवेत, कारण नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. रानात फिरताना पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट, उकडलं तरी. आणि नवे बूट शिबिराच्या आदल्या दिवशी घेऊ नका. पंधरा दिवस आधी घ्या आणि घरात, जिन्यात, बागेत वापरून मऊ करा. शिबिरांमध्ये मुलांना होणाऱ्या त्रासांची यादी केली तर टाचेवरचा फोड बराच वर येईल. सॅकचं वजनही बघा. शाळेच्या दप्तराला मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा नियम आहे. सॅक पाठीवर घेऊन चालायचं असेल, तर तोच धरून चाला.

रात्रीसाठी टॉर्च. मोबाइलचा नव्हे, खरा, आणि नवे सेल घातलेला. सह्याद्रीत आणि कोकणात तांबडा विंचू आहे. त्याच्या दंशाने मोठ्या माणसाला वेदना होतात, पण मुलाच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवलं. त्याआधी गंभीर दंश झालेल्या रुग्णांत शंभरात पंचवीस-तीस दगावत. पुढे हे प्रमाण अगदी नगण्य झालं. पण औषध वेळेवर मिळालं तर. दंश झाल्यावर मुलाला खूप घाम येतोय, उलटी होतेय, हातपाय गार पडलेत, असं दिसलं की दुखणं ओसरायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. मण्यार त्याहून फसवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावलेलं पुष्कळदा दुखतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. गादीखाली खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते. शिबिरात मच्छरदाण्या आहेत का, हे विचारा. नसतील तर एक घडीची देता येते. सकाळी बूट झटकून घालायचे, सरपणात हात घालायचा नाही, रात्री बाहेर जाताना टॉर्च पायाजवळ मारायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मुलाला तुम्ही स्वतः सांगा, ‘काहीही चावलं, बोचलं, ओरखडलं असं वाटलं, तर रात्री कितीही वाजता ताईला उठव. कुणी रागावणार नाही.’ माकडाने ओरबाडलेलं आणि कुत्र्याच्या पिल्लाने चावलेलं मुलं लपवतात, कारण त्यांना त्या पिल्लाशी खेळू नको असं सांगितलेलं असतं. जखम पंधरा मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, आणि हे उशीर सोसत नाही.

शिबिरवाल्यांना एक प्रश्न न संकोचता विचारा. सर्पदंशाची लस आणि श्वासाला मदत करण्याची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रात्री गाडी तयार असते का? १०८ची रुग्णवाहिका राज्यभर आहे, पण घाटातल्या वाडीवर पोचायला तिला वेळ लागतो. चांगल्या शिबिरांकडे याचं उत्तर तोंडपाठ असतं.

प्रवासाबद्दल थोडं. गाडी लागण्याचं प्रमाण सहा ते बारा या वयातच सर्वाधिक असतं, म्हणजे नेमकं शिबिराच्या वयात. आतला कान सांगतो आपण वळतोय, डोळे हातातल्या कॉमिककडे बघून सांगतात आपण स्थिर आहोत, आणि या भांडणात पोट हरतं. मुलाला पुढच्या बाकावर बसवायला सांगा, खिडकीतून लांब बघायला लावा. गोळी देणार असाल तर घाट सुरू व्हायच्या तास-अर्धा तास आधी. उलटी झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच जाते. तिने झोप येते, हे दादांना सांगून ठेवा. खिशात दोन कागदी पिशव्याही असू द्या.

आता मूळ प्रश्न. ही सगळी सॅक भरणार कोण?

बहुतेक घरांत आई भरते. रात्री बारापर्यंत बसून, कपड्यांच्या सुबक गुंडाळ्या करून, एका कोपऱ्यात साबण, एका कोपऱ्यात चिवडा. सॅक सुंदर दिसते. पहिल्या संध्याकाळी मुलाला त्यातून टूथब्रश काढायचा असतो, तो सगळं बाहेर ओततो आणि पुढचे आठ दिवस ती सॅक पुन्हा कधीच बंद होत नाही. शिबिरातल्या ताई-दादांना विचारा. शेवटच्या दिवशी बेवारस उरलेल्या ढिगातले टॉवेल उचलून ते विचारतात, ‘हा कुणाचा?’ आणि कुणीच हात वर करत नाही, कारण तो आपला आहे हे त्या मुलाला ठाऊकच नसतं.

सात-आठ वर्षांचं मूल स्वतः सॅक भरू शकतं. यादी दोघांनी मिळून करा, सामान पलंगावर मांडा, मग त्याला भरू द्या. वाईट भरेल. भरू द्या. मग पूर्ण रिकामी करायला लावा आणि पुन्हा एकदा भरायला सांगा. दुसऱ्या दिवशी अंधारात टॉर्च हातात देऊन सांगा, ‘पंप काढून दाखव. आता ओडोमॉस.’ मुलांना हा खेळ आवडतो. तो मुलगा त्या रात्री घाबरलेला असताना आपली कंपासपेटी शोधू शकला नव्हता, कारण ती त्याने ठेवलेली नव्हती. धाप लागलेल्या मुलाला ‘कुठे ठेवलंय?’ हे सांगायला श्वास लागतो, आणि तेव्हा त्याच्याकडे तोच नसतो.

सॅक स्वतः भरण्याचा दुसरा फायदा मनाचा आहे. घरची आठवण बहुतेक मुलांना शिबिरात एकदा तरी येतेच. त्यात काही बिघडलेलं नसतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी उन्हाळी शिबिरांतल्या मुलांचा याबाबत बराच अभ्यास केला आहे. जायचं की नाही, काय न्यायचं, या निर्णयात मुलाचा वाटा असला तर ही ओढ सौम्य राहते, असं ते सांगतात. आधी एक-दोन रात्री आत्याकडे किंवा मामाकडे, आईबाबांशिवाय काढायला लावा, असंही ते सुचवतात. आणि एक वचन कधीही देऊ नका म्हणतात: ‘नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येईन.’ आपल्याला ते प्रेमाचं वाटतं. मुलाला त्यातून ऐकू येतं, की आईलाच खात्री नाहीये. मग पहिल्या रात्रीपासून त्याचं सगळं लक्ष त्या फोनकडे लागतं. त्यापेक्षा चार कोरी पोस्टकार्डं द्या, पत्ता लिहिलेली. बहुधा ती तशीच कोरी परत येतील, आणि ती चांगली खूण समजा.

लहान मुलाला आजीच्या साडीच्या गोधडीचा तुकडा किंवा जुना कान तुटलेला ससा न्यायचा असेल, तर नेऊ द्या. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी अशा वस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आई समोर नसतानाचा वेळ मूल अशा वस्तूच्या आधाराने पेलतं. एवढं करणारी वस्तू सॅकमध्ये दुसरी कुठलीच नाही, आणि तिचं वजन पन्नास ग्रॅमही नसतं. फक्त तो सशाला सॅकच्या तळाशी लपवणार असेल तर त्याला सांगा, की दहातल्या सहा जणांकडे असा काहीतरी ससा असतो. हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण मुलांना त्याने धीर येतो.

तो मुलगा पुढच्या एप्रिलला आला तेव्हा फॉर्म आईच्या नाही, त्याच्या हातात होता. आजाराच्या रकान्यात त्याने स्वतःच्या अक्षरात ‘दमा’ लिहिलं होतं, खाली पंपाचे दाब लिहिले होते आणि जागा उरली म्हणून बाटलीच्या स्पेसरचं चित्र काढलं होतं, बाण दाखवून. त्या वर्षी सही करायला मला पाचऐवजी वीस मिनिटं लागली. बाहेर रांग खोळंबली होती.

शिबिर संपून मूल घरी आलं, की सॅक थेट मशीनकडे नेण्याआधी मुलाला आंघोळीला पाठवा आणि त्याचं अंग नीट बघा. कानामागे, काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याच्या रेषेवर. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा. तेल, रॉकेल, पेटती काडी असले उपाय नकोत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानांत २०१६ पासून माकडताप आढळतो आणि तो या गोचिडींमुळेच पसरतो. त्याचा हंगाम हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत असतो. कातडीवर सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. तिचा फोटो काढून ठेवा. आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मूल कुठल्या गावी, कुठल्या रानात राहून आलंय. आम्ही तापाचे दिवस, खोकला, भूक असं सगळं विचारतो, पण हे विचारायचं आमच्याकडूनही राहून जातं.